दंडाच्या शस्त्रक्रियेचा निकाल मनासारखा आला नाही, तर दुरुस्ती कशाची, केव्हा आणि कितपत?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्या आता रोजच्याच झाल्या आहेत. सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सहभागींचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले होते, आणि जठराचा आकार लहान करणाऱ्या शस्त्रक्रियांनी त्याहूनही मोठी घट याआधीच घडवून आणलेली आहे. मात्र चरबी गेली तरी तिच्यासाठी ताणली गेलेली त्वचा तिच्या मागोमाग आक्रसत नाही. ही सैल त्वचा पोटावर कपड्यांनी झाकता येते, पण दंडाखाली लोंबणारी त्वचा हात उचलला की दिसतेच. म्हणून अनेक जण दंडाची त्वचा घट्ट करून घेण्याची शस्त्रक्रिया करून घेतात. त्यांतल्या काहींना काही महिन्यांनी जाणवते की दंड अजून सैल आहे, वण रुंद झाला आहे, काखेत ओढ बसते किंवा दोन्ही दंड सारखे दिसत नाहीत. अशा वेळी ‘पुन्हा करून घ्यावी का’ हा एकच प्रश्न विचारला जातो. खरे तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: बिघडले आहे ते नेमके काय? त्वचा, चरबी, वण की मज्जातंतू? या चारही गोष्टींची दुरुस्ती वेगवेगळी असते, आणि त्यांतल्या काहींना शस्त्रक्रिया लागतच नाही.

मुळात काय केले जाते

या शस्त्रक्रियेला वैद्यकीय भाषेत ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या अशा शस्त्रक्रियेचे वर्णन १९५४ पासून वैद्यकीय साहित्यात आढळते, आणि तिचे मूळ तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. काखेपासून कोपराच्या दिशेने एक लांबट छेद घेऊन जास्तीची त्वचा आणि तिच्या खालची चरबी काढतात आणि उरलेल्या कडा एकमेकींना जोडतात. छेद दंडाच्या आतल्या बाजूला घ्यायचा की मागच्या बाजूला, यावर शल्यचिकित्सकांत आजही मतभेद आहेत. आतला वण समोरून कमी दिसतो, तर मागचा वण स्वतःला आरशात दिसत नसला तरी पाठीमागून पाहणाऱ्याला दिसतो.

सैलपणा कमी असेल तर काखेतल्या काखेत मावणारा आखूड छेद पुरतो. सैलपणा कोपरापर्यंत असेल तर लांब छेद लागतो, आणि वजन फार मोठ्या प्रमाणात उतरले असेल तर तो काखेतून पुढे छातीच्या बाजूवर न्यावा लागतो. १९९५ मध्ये टेड लॉकवूड या शल्यचिकित्सकाने या पद्धतीत एक महत्त्वाची भर घातली. ओढून घेतलेल्या त्वचेचा सगळा भार वणावर पडू नये, म्हणून त्यांनी त्वचेखालचा मजबूत थर काखेजवळच्या घट्ट आवरणाला टाक्यांनी अडकवला. त्यामागचा विचार सरळ आहे, कारण ताण वणावर आला की वण रुंद होतो आणि खाली सरकतो. पुढे ज्या तक्रारी येणार आहेत, त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ या ताणाच्या वाटणीत असते.

हा सौदा सुरुवातीलाच नीट समजलेला बरा, कारण यात सैल त्वचेच्या बदल्यात कायमचा वण स्वीकारायचा असतो. वण फिका होतो, पण नाहीसा होत नाही. निराशेच्या अनेक प्रकरणांत शस्त्रक्रिया ठीक झालेली असते आणि हा सौदा मात्र आधी कोणी स्पष्ट शब्दांत सांगितलेला नसतो. असे झाले असेल तर चूक संवादातली असते आणि ती चाकूने सुधारत नाही.

वर्षभर थांबायला का सांगतात

शस्त्रक्रियेनंतर सूज ओसरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि दंडावर ती सगळीकडे सारख्या वेगाने ओसरत नाही. कोपराजवळचा भाग आणि काख बहुधा मागे राहतात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात दिसणारा उंचवटा सहाव्या महिन्यात आपोआप गेलेला असू शकतो.

त्याहून मोठे कारण वणाच्या आत घडत असते. जखम भरताना शरीर आधी घाईघाईने कोलॅजनचे तंतू विणते आणि मग कित्येक महिने ते मोडून नव्याने रचते. पहिल्या आठवड्याअखेर जखमेची ताकद मूळ त्वचेच्या अवघी तीन टक्क्यांच्या आसपास असते. तिसऱ्या आठवड्यात ती २० ते ३० टक्क्यांवर येते आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते, मात्र पूर्ववत कधीच होत नाही. वण पूर्ण मुरायला १२ ते १८ महिने लागतात. पहिल्या काही महिन्यांत तो लाल, कडक आणि खाजरा असणे हे कामच चालू असल्याचे लक्षण असते. त्या अवस्थेत तो कापून पुन्हा शिवला तर तीच प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते, शिवाय सुजलेल्या ऊतींमधून किती त्वचा काढायची याचा अंदाजही चुकतो.

‘मग तोवर नुसते बसून राहायचे का?’ ही शंका रास्त आहे, आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. टाके सुटून जखम उघडी पडणे, वाढती लाली, ताप, पू किंवा अचानक वाढलेली सूज यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे असते. धाप लागणे किंवा छातीत दुखणे ही रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची लक्षणे असू शकतात, म्हणून तेव्हा थेट आपत्कालीन विभागात जावे. त्वचेखाली पातळ द्रव साचून फुगवटा येतो त्याला सिरोमा म्हणतात. तो सुईने काढून टाकता येतो आणि कधीकधी अनेकदा काढावा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केले तर द्रवाभोवती स्वतःचे अस्तर तयार होते, आणि मग ती पिशवीच शस्त्रक्रियेने काढावी लागते. थोडक्यात, थांबायचे ते आकार आणि वण यांच्या अंतिम निर्णयासाठी. गुंतागुंतीच्या बाबतीत वाट पाहू नये.

सैलपणा उरला असेल तर

ही बहुधा सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार आहे, आणि तिच्यात किमान चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली शक्यता म्हणजे उरली आहे ती चरबी. तपासताना डॉक्टर हात खांद्याच्या पातळीत आडवा धरून, कोपर वाकवून दंडाखालची घडी चिमटीत पकडून पाहतात. चिमटीत जाड, भरीव घडी आली आणि त्वचेला पुरेसा ताठपणा असेल, तर बारीक नळीने चरबी खेचून घेण्याची पद्धत, म्हणजे लिपोसक्शन, पुरेशी ठरू शकते. त्यासाठी नवा लांब छेद लागत नाही. उलट चिमटीत पातळ, कागदासारखी त्वचा येत असेल तर लिपोसक्शनने ती अधिकच लोंबेल, कारण आतला आधार कमी होईल. या दोन स्थिती बाहेरून छायाचित्रात सारख्या दिसतात, म्हणून नुसत्या छायाचित्रावरून दिलेल्या सल्ल्यावर विसंबू नये.

दुसरी शक्यता म्हणजे छेदच आखूड पडला. वण काखेतच लपावा अशी रुग्णाची इच्छा असते, डॉक्टरही ती मान्य करतात आणि सैलपणा मात्र दंडाच्या मध्यापर्यंत किंवा कोपरापर्यंत असतो. काखेतून त्वचा ओढून कोपराजवळची घडी जात नाही. इथे दुरुस्ती म्हणजे वण लांबवणे, त्याला दुसरा मार्ग नाही. आखूड वणाचा आग्रह धरून पुढे लांब वण आणि दोन शस्त्रक्रिया पदरात पडणे, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत टाळता येण्याजोगा त्रास आहे, असे माझे मत आहे.

तिसरी शक्यता काखेच्या मागच्या घडीची आणि छातीच्या बाजूची. दंड नीट बारीक झालेला असतो, पण काखेपासून खाली छातीकडे जाणारी सैल त्वचा तशीच राहते, आणि दंड सुधारल्यामुळे ती आता अधिकच डोळ्यांत भरते. ती काढायची तर छेद काखेतून वळवून छातीच्या बाजूवर न्यावा लागतो.

चौथी शक्यता कोणाच्याही हातात पूर्णपणे नसते, ती म्हणजे त्वचा पुन्हा सैल होणे. मोठ्या प्रमाणात वजन उतरलेल्यांच्या त्वचेतील लवचिक तंतू कायमचे खराब झालेले असतात. अशी त्वचा घट्ट ओढून शिवली तरी पुढच्या काही महिन्यांत ती थोडी सुटतेच. त्यात शस्त्रक्रियेनंतरही वजन उतरत राहिले तर सैलपणा परत येणे जवळजवळ ठरलेले असते. इंजेक्शने चालू असताना, वजन अजून खाली जात असताना घाईने दंडाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी याचा विशेष विचार करायला हवा. वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर असल्याशिवाय शल्यचिकित्सक बहुधा पुढे जात नाहीत, आणि दुरुस्तीच्या वेळी तर ही अट अधिकच काटेकोरपणे पाळायला हवी.

वणाची तक्रार

वण रुंद पसरलेला पण सपाट असेल तर कारण बहुतेक वेळा ताण हेच असते. तो मुरल्यावर कापून, खालच्या थरांना भक्कम आधार देऊन पुन्हा शिवता येतो. मात्र त्यासाठी आजूबाजूची त्वचा सैल असावी लागते. ती आधीच घट्ट असेल तर नवा वणही रुंदच होईल, आणि हे आधीच मोकळेपणाने सांगणारा डॉक्टर विश्वासार्ह समजावा.

वण जाड आणि उंच असेल तर दोन प्रकार ओळखावे लागतात. एक, जाड झालेला पण मूळ जखमेच्या सीमेतच राहिलेला वण, जो कालांतराने थोडा बसू शकतो. दुसरा, मूळ जखमेची सीमा ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर वाढत जाणारा वण, ज्याला केलॉइड म्हणतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण केलॉइड नुसता कापून टाकला तर तो पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते आणि कधीकधी तो आधीपेक्षा मोठा होऊन येतो. म्हणून त्यावर वणातच दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शने किंवा इतर उपचार जोडून वापरतात. साध्या जाड वणासाठी सिलिकॉनची पट्टी रोज बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ, दोन-तीन महिने लावणे हा पहिला आणि सर्वांत निरुपद्रवी उपाय आहे. उन्हापासून वण झाकणे हेही तितकेच गरजेचे आहे, नाहीतर तो काळवंडतो. ठरावीक प्रकारच्या लेसरने लाली कमी होते, पण वण पुसला जात नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

काखेतल्या वणाचे स्वतःचे एक दुखणे असते. सरळ रेषेतला वण काखेची घडी ओलांडून जात असेल तर आक्रसताना तो दोरीसारखा ताणला जातो आणि हात वर उचलताना ओढ बसते. त्यावर झेड-प्लास्टी नावाची जुनी आणि भरवशाची युक्ती वापरतात. वणाच्या दोन्ही बाजूंना त्वचेचे दोन त्रिकोणी तुकडे कापून त्यांची जागा बदलतात, त्यामुळे सरळ रेषेची नागमोडी रेषा होते आणि ताण विभागला जातो. त्रिकोणांचा कोन ६० अंशांचा असेल तर गणिताने त्या रेषेची लांबी सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्ष त्वचेत एवढी वाढ मिळत नाही, तरी हात मोकळा व्हायला मिळते ती सहसा पुरते.

त्वचा गरजेपेक्षा जास्त काढली गेली असेल तर

कपडा सैल झाला तर शिंपी तो आत घेतो, पण कापड जास्त कापले गेले असेल तर त्याच्याही हातात फारसे काही उरत नाही. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचे सगळे गणित या एका गोष्टीवर चालते. थोडी त्वचा शिल्लक राहिलेला दंड दुसऱ्या वेळी तुलनेने सहज सुधारतो, तर जास्त कापलेला दंड फार थोड्या बाबतींत पूर्ववत होतो. शस्त्रक्रिया चालू असतानाच दंडाला सूज चढू लागते आणि सगळी त्वचा एकदम कापून टाकली तर कडा जुळणे अवघड होते. म्हणून अनुभवी शल्यचिकित्सक थोडा भाग कापून तेवढाच लगेच तात्पुरता शिवत पुढे सरकतात. ‘थोडे कमी घट्ट केले’ अशी तक्रार ऐकावी लागली तरी चालेल, पण जखम ताणाखाली ठेवायची नाही, असा त्यांचा हिशोब असतो, आणि तो बरोबर आहे.

त्वचा फार घट्ट असताना वणाची मालिश आणि वेळ यांनी थोडी सैल होते. दंडावर खळगे पडले असतील, म्हणजे एखाद्या जागी चरबी जास्त निघाली असेल, तर शरीराच्या दुसऱ्या भागातली चरबी तिथे इंजेक्शनने भरता येते. भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेते, त्यामुळे हे काम एकापेक्षा अधिक वेळा करावे लागू शकते. खळग्याखाली वण आतून चिकटलेला असेल तर आधी तो सोडवावा लागतो, नाहीतर भरलेली चरबी खळग्याच्या दोन्ही कडांना जमते आणि खळगा तसाच राहतो.

बधिरपणा, झिणझिण्या आणि सूज

दंडाच्या आतल्या बाजूने एक मज्जातंतू जातो, जो कोपराखालच्या हाताच्या आतल्या भागाला स्पर्शाची जाणीव देतो. दंडाच्या साधारण मध्याजवळ तो स्नायूंवरच्या खोल आवरणातून बाहेर येऊन चरबीत शिरतो, नेमका तिथे जिथून त्वचा आणि चरबी काढायची असते. म्हणून खोल आवरणावर चरबीचा पातळ थर राखून ठेवण्याची पद्धत आहे. त्यानंतरही काहींना त्या भागात बधिरपणा येतो. मज्जातंतू फक्त ताणला किंवा दबला गेला असेल तर जाणीव हळूहळू परतते. तो तुटला असेल तर वाढणारे तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतात, आणि जाणीव परतेलच असे नाही.

नुसता बधिरपणा बहुतेकांच्या अंगवळणी पडतो, पण वणावरच्या एका ठरावीक बिंदूवर टिचकी मारताच विजेच्या झटक्यासारखी कळ कोपराखाली धावत असेल, तर तुटलेल्या टोकाला गाठ आली असण्याची शंका घ्यावी लागते. त्या जागी बधिर करणारे इंजेक्शन दिल्यावर कळ थांबली तर निदानाला बळकटी येते. अशा वेळी गाठ काढून मज्जातंतूचे टोक स्नायूत पुरतात. हे काम हाताच्या किंवा मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेची सवय असलेल्या सर्जनकडेच जावे.

दंडाच्या आतल्या बाजूनेच लसीकावाहिन्याही, म्हणजे ऊतींमधला जास्तीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिकाही जातात. पंजा आणि कोपराखालचा भाग अनेक महिने सुजलेला राहत असेल तर ती या वाहिन्यांची तक्रार असू शकते. तिथे आणखी त्वचा कापल्याने सूज वाढेल. त्यावर उपाय म्हणजे हातावर चढवायची दाब देणारी बाही आणि विशिष्ट हलकी मालिश, आणि तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

‘यंत्राने घट्ट होत नाही का?’

त्वचेखाली उष्णता देणारी रेडिओफ्रिक्वेन्सीसारखी यंत्रे वापरात आहेत आणि सौम्य सैलपणात त्यांचा काही उपयोग होतो. लोंबणाऱ्या घडीवर मात्र त्यांचा परिणाम नगण्य असतो. शिवाय आधी शस्त्रक्रिया झालेल्या भागात रक्तपुरवठा आणि स्पर्शाची जाणीव दोन्ही बदललेली असतात, आणि बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. त्यामुळे दुरुस्तीसाठी यंत्र सुचवणाऱ्याला पहिल्या शस्त्रक्रियेची पूर्ण माहिती आधी द्यायला हवी.

त्याच डॉक्टरकडे जावे का?

राग स्वाभाविक आहे, पण पहिल्या शल्यचिकित्सकाला एक गोष्ट ठाऊक असते जी दुसऱ्या कोणालाही नसते: आत नेमके काय आणि किती काढले. अनेकदा तोच माणूस दुरुस्तीसाठी योग्य असतो. विश्वास उडाला असेल तर दुसऱ्याकडे खुशाल जावे, मात्र शस्त्रक्रियेची लेखी नोंद आणि आधीची छायाचित्रे मागून घ्यावीत. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हे पहिल्या संमतीपत्रात लिहिलेले असते किंवा नसते. शल्यचिकित्सकाने आपले मानधन सोडले तरी भूल आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्च वेगळा लागू शकतो, हे आधीच विचारलेले बरे. आणि प्रत्येक नापसंत निकाल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. दोन दंड जन्मतःच सारखे नसतात, सवयीच्या हाताचा स्नायू मोठा असतो, आणि शस्त्रक्रियेआधीची छायाचित्रे पाहिल्यावर बऱ्याच जणांना हा फरक पूर्वीपासूनच असल्याचे आढळते.

दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी

दुसऱ्या शस्त्रक्रियेत पहिल्याच्या वणामुळे आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि मज्जातंतू त्यांच्या नेहमीच्या जागी सापडतीलच असे नसते, त्यामुळे छोटी वाटणारी दुरुस्तीही कधीकधी मूळ शस्त्रक्रियेपेक्षा नाजूक ठरते. दिलासा एवढाच की बऱ्याचदा जुना वणच कापल्या जाणाऱ्या भागात येतो, म्हणजे वणांची संख्या वाढत नाही, आणि वणाची मर्यादित दुरुस्ती तेवढाच भाग बधिर करूनही होते.

धूम्रपान किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद हवे, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आक्रसवते आणि आधीच एकदा कापलेल्या त्वचेला रक्त कमी पडते. निकोटीनच्या पट्ट्याही याला अपवाद नाहीत. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी रक्तातील लोह, जीवनसत्त्वे आणि प्रथिने तपासून घ्यावीत, कारण प्रथिनांच्या कमतरतेत जखम भरत नाही. वजन उतरवणारी इंजेक्शने चालू असतील तर भूलतज्ज्ञांना ते न विसरता सांगावे. या औषधांनी जठर उशिरा रिकामे होते आणि नेहमीएवढा उपास करूनही पोटात अन्न राहू शकते, जे भूल देताना श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. औषध किती दिवस आधी थांबवायचे हे स्वतः ठरवू नये.

शस्त्रक्रियेआधी शल्यचिकित्सक रुग्णाला उभे करून, हात आडवा धरायला सांगून दंडावर पेनने रेषा काढतात. नवा वण कुठे सुरू होईल, कोपरापासून किती अंतरावर थांबेल आणि काख ओलांडेल का, हे त्याच वेळी आरशासमोर विचारून घ्यावे. भूल दिल्यानंतर तो निर्णय बदलण्याची संधी रुग्णाला उरत नाही.